सहभागी चौदा

पहिली सूचना: नावं काढून टाका.
म्हणून टाइप करते: सहभागी चौदा, स्त्री, वय त्रेसष्ट,
पोर्तोच्या उत्तरेचं एक कोळ्यांचं गाव,
जन्मभर जाळी विणली.
मनात मात्र तिला देओलिंदा म्हणते मी.
फिर्मिनु आणि ग्रासिएत, ही नावंही मीच ठेवलेली.
चौदा आकड्याला नवरा कसा असेल?

प्रश्न दुसरेच कुणी विचारतात.
मी तिसऱ्या मजल्यावर कानाला हेडफोन लावून
उत्तरं उतरवते. मिनिटावर पैसे.
मौनाचेही मिळतात.

आजाराचं अहवालातलं नाव दीड ओळीचं.
तिच्या गावात म्हणतात: इवल्या पावलांचा आजार.

ती सांगते,
फिर्मिनु बंदरावरून आला, कोबीचं सूप घेऊन बसला,
आणि दारापासून खुर्चीपर्यंत लादीवर रक्ताचे ठिपके.
टाचेत गळ. दांडीपर्यंत रुतलेला.
त्याला पत्ता नाही!
तो हसला. माझे हातपाय गळाले.
त्याच्या बापाने असाच शेगडीवर पाय भाजून घेतला होता,
वास आल्यावर कळलं.
पोरगा बापाच्या पावलावर पाऊल ठेवतो,
असं लोक कौतुकाने म्हणायचे.

इथे ती खोकते की हसते.
तीनदा ऐकलं. 'खोकला' लिहिलं.

मग मुलीचं.
ग्रासिएतच्या रक्तातही निघालं, म्हणून ते सगळं काचेतलं.
सात होते, म्हणते, सात थेंब समजा.
चारांत होतं. एक वाढलाच नाही. दोन उरले.
डॉक्टरीणबाईंनी कागद सरकवला,
ग्रासिएत सही करत होती,
आणि मी त्या चारांचा विचार करत होते.
चारांचा कसला, एकाचाच.
फिर्मिनु त्या कागदावर असता तर कुठल्या रकान्यात?
आणि ही? ही तर समोर बसलेली,
हातात पेन.

बावीस सेकंद.
सूचना सहा: दहा सेकंदांवरचं मौन चौकटीत नोंदवा.
नोंदवलं.

म्हणजे तपासणी नको होती, असं म्हणायचंय का तुम्हाला?

नाही हो बाई. माझ्या तोंडी काही घालू नका.
नऊ वर्षं मी त्याला धुतलं, पुसलं, भरवलं.
उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधार,
पोटात घास ठरेना,
शेवटी गुंडीसुद्धा लावता येईना त्याला, जाळ्याच्या गाठी मारणाऱ्याला.
ते पुन्हा कुणाच्या घरी नको.
पण तो नको होता, हे मी म्हणणार नाही.
दोन्ही एका चौकटीत बसत नसेल
तर मोठी चौकट आणा.

पुढे होडीच्या खुणेचं बोलते.
प्रत्येक घराची एक खूण, होडीवर, वल्ह्यावर, दारावर.
थोरल्याच्या खुणेला एक रेघ जास्त, मधल्याच्या दोन.
धाकट्याला बापाची जशीच्या तशी.
फिर्मिनु धाकटा.
ना रेघ कमी, ना जास्त.
तेही तसंच उतरलं.

खूण कशी होती, हे ती नीट सांगते.
मी उतरवलं, वरून निरोप आला:
काढा, त्यावरून घर ओळखू येईल.
काढलं. तिथे आता लिहिलंय: कौटुंबिक चिन्ह.
माझ्या वहीच्या मागच्या पानावर ती पेन्सिलीने आहे.
फाडायला हवं ते पान.

मुलाखत संपली. यंत्र बंद करायचं विसरले.
कपबशा, समुद्रपक्षी, दार लागल्याचा आवाज,
आणि ती, हलक्या आवाजात, कुणाला तरी नव्हे:
अंघोळीनंतर रोज तळव्याला बोट लावून बघते मी.
रोज पाय आखडतो, लबाड.

मग चार मिनिटं एक मूल खिदळतं.
थांबतं. पुन्हा खिदळतं.

हे उतरवायचं का, विचारलंय.
आणि उतरवलं, तर काय लिहू.
उत्तर अजून आलेलं नाही.